डाव्या पायाची कमान

मीरा रोडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी पाचवी ते आठवीला मराठी शिकवायचे. वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं मोजकीच. बाकीच्यांच्या घरी गुजराती, हिंदी, मारवाडी, कुणाकडे मल्याळी. त्यांच्या दृष्टीने मराठी म्हणजे पास होण्यापुरता सोसायचा विषय. मला मात्र ती शिकवायला आवडायची. एखादा मुलगा वर्षभर ‘मी पाणी पिली’ म्हणत राहायचा आणि एके दिवशी न अडखळता ‘मी पाणी प्यायलो’ म्हणायचा, तेव्हा मला दिवसभर बरं वाटायचं.

एका उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडली आणि वर्गात शिरल्यावर पर्स ठेवायला मी खुर्चीकडे वळले, तर खुर्ची नव्हती. मला वाटलं शेजारच्या वर्गात नेली असेल. शेजारच्या वर्गातही नव्हती. शिपायांनी सगळ्या वर्गांतल्या शिक्षकांच्या खुर्च्या गच्चीवर नेऊन एकावर एक रचून ठेवल्या होत्या, वर ताडपत्री टाकली होती.

दुपारी प्रिन्सिपल मॅडमनी मीटिंग घेतली. नव्या ट्रस्टींची कल्पना होती. शिक्षक वर्गात फिरता हवा, मुलांमध्ये हवा. “पेरेंट्स फी कशाची देतात? टीचर बसलेली बघायला?” मॅडम हसून म्हणाल्या. त्या स्वतः बसून बोलत होत्या. कॅमेरे वर्गात आधीपासून होते, त्यांचा पडदा मॅडमच्या केबिनमध्ये होता. आता तो पडदा कशासाठी आहे ते आम्हाला नीट कळलं.

कुणीच खुर्च्या परत मागितल्या नाहीत. मीसुद्धा नाही. त्या शाळेत कायम झालेल्या बायका कमी होत्या आणि ज्या झाल्या होत्या त्यांनाही आपण किती कायम आहोत याची खात्री नव्हती.

ऐन पावसाळ्यात माझा डावा पाय दुखायला लागला. टाच नाही, तळवा नाही. घोट्याचं जे हाड आतल्या बाजूला वर येतं, त्याच्या मागे. आधी संध्याकाळी दुखायचं, मग दुपारपासून, मग सकाळच्या प्रार्थनेलाच. घोट्याजवळ सूज दिसायची. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “पन्नाशी जवळ आली, दुखणारच. माझे नाही का गुडघे दुखत?” पण तो वाईट नाही. चार दिवसांनी त्याने पाय दाबायचं मशीन मागवलं. त्यात पाय घालून बसलं की ते घुंई घुंई आवाज करत पाय चेपायचं. सुजलेल्या जागी चेपलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी थोडे दिवस वापरलं.

पायाचं खरं काय झालंय ते आधी दिसलं माझ्या मैत्रिणीला. ती गणिताची टीचर. आम्ही एकाच वर्षी शाळेत लागलो होतो, तेव्हापासून डबा एकत्र खायचो. तिचं माहेर वसईचं, माझं गिरगावचं. लग्नानंतर दोघींनाही मीरा रोड नवं होतं आणि दोघींनी एकमेकींच्या सोबतीने ते आपलंसं केलं होतं. बाजार, डॉक्टर, मुलांचे क्लास, सगळं एकमेकींना विचारून. एकदा सुट्टीची घंटा झाल्यावर ती माझ्या मागून जिना उतरत होती. म्हणाली, “थांब गं. तुझा डावा पाय बघ. मागून अगदी वाकडा पडतोय.”

“थकलेय, म्हणून असेल.”

“थकल्यावर पाय वाकडा होतो का? चप्पल काढ.”

मी चप्पल काढली. तिने ती उलटी करून धरली. तळाची आतली कड पार झिजून गेली होती, बाहेरची तशीच. दुसऱ्याच दिवशी ती मला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. माझा नंबर येईपर्यंत बाहेर बसून तिने नववीचे पेपर तपासले. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते सांगताना हे गाळून टाकणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, पोटरीतून घोट्यामागून तळव्याकडे जाणारा एक स्नायुबंध असतो, पायाची कमान तो उचलून धरतो. तो माझ्या डाव्या पायात ढिला पडत चालला होता. कमान खचत होती. लहानपणी नसलेला सपाट पाय मला या वयात होत होता. त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली.

फिजिओथेरपीचा दवाखाना मीरा रोडमधल्याच हाटकेशला होता, एका इमारतीच्या तळमजल्यावर, एका बाजूला सायकलचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला कसलीतरी पत्र्याची कामं चालायची. तिथली फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगी होती, गुजराती घरातली, शाळेत न शिकता, ऐकून ऐकून आलेलं मराठी बोलायची. माझी नोकरी कळल्यापासून मला टीचर म्हणायला लागली.

तिने मला अनवाणी उभं केलं आणि मागून मोबाइलवर फोटो काढून दाखवला. उजवा पाय सरळ होता, मागून त्याची फक्त करंगळी बाहेर डोकावत होती. डाव्या पायाची तीन बोटं बाहेर दिसत होती आणि घोटा आत कोसळल्यासारखा. पंधरा-वीस वर्षं मी वर्गात त्या पायावर उभी होते आणि तो मागून कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं.

“आता भिंत धरा आणि उजव्या पायावर उभं राहून टाच उचला.”

उचलली.

“आता डाव्यावर.”

मी उचलायला गेले. पायात काही घडलंच नाही. मनाने आज्ञा दिली आणि टाच जमिनीला चिकटून राहिली. मला हसू आलं, मग भीती वाटली.

तिने मला बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने तळवा वर ढकलला. कमान वर आली. तिने सोडलं, कमान खाली बसली. “हे बघा,” ती म्हणाली, “हाताने वर येते म्हणजे पाय अजून लवचिक आहे. आपण वेळेत आलोय. एक्सरसाइज, बुटात इनसोल, आणि उभं राहणं कमी. सगळ्यात महत्त्वाचं हेच, टीचर. तुम्ही इथे येऊन पाय बांधणार आणि तिथे दिवसभर तोडणार, असं नाही चालणार.”

मी शाळेतल्या खुर्च्यांचं सांगितलं. शेजारच्या पलंगावर जुन्या भाईंदरची एक कोळीण बसली होती, गुडघ्याला शेक घेत. तिने सगळं ऐकलं. “शालंत खुर्ची न्हाय?” ती म्हणाली. “मंग पोरंसुदिक उभीच ऱ्हातात का काय?”

“नाही, मुलांना बाकं आहेत.”

“मंग तुमालाच न्हाय व्हय,” असं म्हणून तिने तोंड दुसरीकडे वळवलं. तिला त्यात विनोद दिसला नाही. मलाही नाही.

व्यायाम साधे होते आणि कंटाळवाणे होते. पलंगाच्या पायाला रबरी पट्टा बांधायचा, त्यात पाऊल अडकवून ते हळूहळू आत ओढायचं. खुर्चीत बसून बोटं न मुडपता तळव्याची कमान उचलायची, हे मला कितीतरी दिवस जमलंच नाही. दरवेळी बोटं आधी वळायची. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. दोन टाचांमध्ये मऊ चेंडू धरून दोन्ही टाचा एकदम उचलायच्या. रात्री फ्रीजमधली बर्फाची बाटली घोट्यावर फिरवायची. घरातही अनवाणी चालायचं नाही, अगदी स्वयंपाकघरातही नाही. देवाला दिवा लावताना चपला काढायच्या आणि लगेच घालायच्या.

डॉक्टरांनी शाळेसाठी लिहून दिलं की जास्त वेळ उभं राहणं टाळावं. प्रिन्सिपल मॅडमनी ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, “मिस, मैं समझती हूँ. लेकिन आप समझिए, एक को दिया तो सब माँगेंगे.” पण शेवटी त्यांनी एक प्लॅस्टिकचं स्टूल दिलं. लाल रंगाचं, पाठ नसलेलं. ते माझ्या तासाला शिपायाने वर्गात आणायचं आणि तास संपला की न्यायचं. शिवाय मधल्या सुट्टीत मैदानावर आणि शाळा सुटताना गेटवर उभं राहायची ड्यूटी माझ्या नावावरून काढली.

ते काही महिने चांगले गेले. मी फळ्यावर लिहायचे, फिरायचे आणि मुलं वहीत उतरवून घेत असताना स्टुलावर बसायचे. मुलांना दोन दिवसांत सवय झाली. सूज उतरायला लागली. एके दिवशी दवाखान्यात भिंत धरून डाव्या पायावर टाच उचलायला गेले आणि ती जमिनीपासून सुटली. फार नाही, एक कागद सरकेल एवढी. फिजिओथेरपिस्टने टाळी वाजवली. घरी येऊन मी नवऱ्याला करून दाखवलं. त्याने वाकून, चष्मा सावरून बघितलं. “उचललीस की,” म्हणाला. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पुरणपोळ्या केल्या, चपला घालून, ओट्याजवळ स्टूल ओढून.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. स्टूल काढून घेत असल्याचं सांगितलं. काही शिक्षिका त्यांच्याकडे गेल्या होत्या. एकीला बसायला मिळतं आणि तिची मैदानाची आणि गेटची ड्यूटीही बाकीच्यांवर पडते, हा काय न्याय, असं त्यांचं म्हणणं होतं. “मैंने कहा था ना, मिस?” मॅडम म्हणाल्या आणि कोण कोण आलं होतं ते मी न विचारताच सांगून टाकलं. त्यांना ते सांगायची काही गरज नव्हती. गणिताची टीचर सगळ्यांच्या वतीने बोलली होती.

मी स्टाफरूममध्ये गेले. ती डबा उघडून बसली होती, माझ्यासाठी जागा ठेवून.

“तू गेली होतीस मॅडमकडे?”

तिने मान वर केली. खोटं बोलली नाही. “गेले होते.”

“माझं स्टूल काढायला?”

“स्टूल काढा असं मी म्हटलं नाही. ड्यूट्यांचं म्हटलं. तुझी गेटची ड्यूटी कुणाला लागली माहितीये तुला? मला. मधल्या सुट्टीचीही मला. दोन घास खायला मिळत नाहीत. माझे पाय काय लाकडाचे आहेत?”

“मग मला सांगायचंस.”

“तुला सांगून काय झालं असतं? तू ड्यूटी परत घेतली असतीस?”

“तुमच्यासाठीही स्टुलं मागायची होतीस. सगळ्या मिळून गेलातच ना? मग खुर्च्या परत मागायच्या. ते नाही सुचलं?”

बाकीच्या बायका डब्यात बघत होत्या. ती हळू आवाजात म्हणाली, “खुर्च्या त्या देणार नाहीत. तुलाही माहितीये.”

“म्हणजे देणार नाहीत ते मागायचं नाही आणि एकीला मिळालंय ते काढून घ्यायचं.”

मी माझा डबा उचलला आणि मराठीच्या पुस्तकांच्या कपाटाजवळ जाऊन उभ्याने खाल्ला. त्या दिवसानंतर आम्ही एकत्र जेवलो नाही. तिचा राग समजण्यासारखा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. दिवसभर उभं राहून तीही थकत होती, तिच्याही टाचा दुखत होत्या. पण ज्यांनी खुर्च्या गच्चीवर नेल्या त्यांच्यावर तिने राग काढला नाही. तो काढायला तिला मी जवळ सापडले. हे मी आजपर्यंत गिळू शकलेले नाही.

मग स्नेहसंमेलन आलं. मराठीच्या टीचरकडे लावणी नाही तर कोळीनृत्य हे ठरलेलंच, त्या वर्षी कोळीनृत्य होतं. रोज शाळा सुटल्यावर तालमी. मुलींना ठेका शिकवायचा म्हणजे आपणही उभं राहायचं, वल्ही मारल्यासारखं डोलायचं. दवाखान्याची वेळ आणि तालमीची वेळ एकच. मी आधी एक फेरी चुकवली, मग आठवडा, मग डिसेंबरभर गेलेच नाही. फिजिओथेरपिस्टचे मेसेज यायचे, मी ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असं लिहायचे. घरी मुलाचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. नोकरी सोडायचा विषय मी काढला की नवरा म्हणायचा, “एवढं वर्ष काढ. मग बघू.” तो चूक बोलत नव्हता. माझा पाय मात्र ते वर्ष संपेपर्यंत थांबणार नव्हता.

कार्यक्रम छान झाला. ट्रस्टी खूश झाले. मुलींनी मला स्टेजवर ओढून नेलं आणि मी त्यांच्याबरोबर दोन पावलं नाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बूट पायातून निघेना.

जानेवारीत हाटकेशला गेले तेव्हा फिजिओथेरपिस्ट रागावली नाही. तिने पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने तळवा वर ढकलला. पुन्हा ढकलला. दुसऱ्या हाताने टाच धरून, जोर लावून ढकलला. मला दुखलं. तिने पाय खाली ठेवला, हात पुसले.

“टीचर, आता हाताने येत नाहीये.”

“म्हणजे?”

“जॉइंट कडक होतोय. डॉक्टरना दाखवा परत. मी एक्सरसाइज देईन, पण कमान परत आणण्यासाठी नाही. दुखणं कमी राहावं म्हणून.”

तिने फोटो काढला नाही. मीही मागितला नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक ऑपरेशन, ज्यात पायातली हाडं जोडून टाकतात आणि पाऊल मग वळत नाही. नाही तर घोट्याला धरून ठेवणारा पट्ट्या-पट्ट्यांचा ब्रेस, रोज, कायमचा. मी ब्रेस घेतला. त्यावर माझ्या मापाचा एकही बूट चढेना, शेवटी पुरुषांच्या विभागातून काळे बूट घेतले. साडीखालून ते दिसायचे. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “टीचर, ये किसके शूज हैं?” मी म्हटलं, “मेरे हैं. मराठीत विचार.” तिने विचारलं, “हे कोणाचे बूट आहे?” मी “आहेत” म्हणून सुधारलं आणि धडा पुढे चालू केला.

वर्ष संपल्यावर मी राजीनामा दिला. नवऱ्याने या वेळी ‘मग बघू’ म्हटलं नाही. मॅडमनीही थांबवलं नाही. त्यांना मराठीसाठी तरुण मुलगी मिळाली होती, फिरत शिकवणारी. निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. मॅडमनी भाषणात माझ्या ‘डेडिकेशन’चं कौतुक केलं. मग सगळ्यांचा फोटो काढायचा ठरलं. शिपायांनी हॉलमध्ये खुर्च्या आणून एक रांग लावली. गच्चीवरच्याच होत्या त्या, धूळ नीट पुसलेली नव्हती. पहिल्या रांगेत मॅडम आणि ट्रस्टी बसले. फोटोग्राफर आम्हाला म्हणाला, “टीचर्स लोग पीछे, स्टैंडिंग.” मी मागे जाऊन उभी राहिले, शाल खांद्यावर घेऊन. घड्याळ हातात होतं. त्या फोटोची प्रत मला मिळाली आहे. मी ती कुणाला दाखवत नाही.

आता घरी शिकवण्या घेते. दहावीची चार-पाच मुलं येतात. हाटकेशचा दवाखाना मात्र चालू ठेवलाय, कारण डाव्याचा सगळा भार उजवा घेतोय आणि त्यालाही मजबूत ठेवावं लागतं. आत्ता गेल्या महिन्यात तिथे गेले तर बाकावर ती बसली होती, माझी मैत्रीण. सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, असं ती फिजिओथेरपिस्टला सांगत होती. मला बघितल्यावर तिने बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

माझा व्यायाम होईपर्यंत ती थांबून राहिली. बाहेर पडताना पायरीवर म्हणाली, “बरं होतं का गं हे?”

“टाचेचं होतं. बहुतेकांचं होतं. पोटरी ताणायचा व्यायाम दिलाय ना, तो पलंगावरून उतरायच्या आधी कर. पायरीवर टाच लोंबती सोडून करतात तो आत्ताच करू नकोस, दुखेल. आणि तुझ्या त्या पातळ चपला टाकून दे.”

हे सगळं मी नीट सांगितलं. चुकीचं काही सांगितलं नाही. ती ऐकत होती, मान डोलावत होती. मग म्हणाली, “शाळेत तसंच आहे अजून. मी बोलणार आहे मॅडमशी.”

“बोल,” मी म्हटलं.

तिला अजून काही बोलायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला ते ऐकायचं नव्हतं. तेवढ्यात शेअर रिक्षा आली, आत दोन जागा रिकाम्या होत्या. ती आत सरकून बसली आणि माझ्यासाठी जागा करून म्हणाली, “ये ना. स्टेशनकडेच जातेस ना?”

“नाही,” मी म्हटलं, “मला काशीगावला जायचंय, थोडं काम आहे.”

रिक्षा गेली. काशीगाव उलट्या दिशेला, तिथे माझं काही काम नव्हतं. मी सायकलच्या दुकानासमोर थांबले, पुढची रिक्षा येईपर्यंत, आणि ती आल्यावर स्टेशनला गेले.